व्हिडिओखालचा नंबर

कारंजाहून मंगरूळपीरला जाताना तोंडाला रुमाल बांधलेला एक तरुण एसटीत माझ्या शेजारी बसला होता. शेतीचे व्हिडिओ करायचा आणि त्यांत कोणत्या कंपनीची जाहिरात घ्यायची, ते स्वतःच ठरवायचा. त्याने जाहिरात केलेल्या औषधाने एका शेतकऱ्याची तूर करपली होती. व्हिडिओखाली दिलेल्या नंबरवर त्या शेतकऱ्याचा फोन आला, तेव्हा हा सीटवरून अर्धा उठला, जणू कुणी वडीलधारा माणूस समोर उभा होता.

“हो काका. माहीच चूक.”

मी म्हणालो, “त्यांना कंपनीचा नंबर द्या ना.”

“कंपनीले कोन ओळखते, भाऊ? त्यायनं मले पाहून औषध घेतलं.”

“मग आता?”

“त्यायच्याच वावरात चाल्लो. शिव्या तोंडावर खाल्लेल्या बऱ्या.”

शिक्षणाने मला नोकरी दिली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण त्या नोकरीत माझ्या चुका ऑफिसच्या नावाखाली झाकल्या जातात.

फाट्यावर उतरून त्याने तोंडाला बांधलेला रुमाल सोडला आणि उघड्या चेहऱ्याने वावरांकडे जाणाऱ्या पांदणीला लागला.