शेवटच्या नावाखालची जागा

युद्ध नको म्हणणारी माणसं बहुधा गंभीर असतात. आमच्याकडे ते काम निवृत्त फौजींनी हातात घेतलं, त्यामुळे किस्से शोधावे लागत नाहीत. आज अंगण झाडावं, उद्या पाला पडलेलाच!

माझा मुलगा सुहास सीमेवर मारला गेला. त्याच्या तेराव्याला सुभेदार बापू आमच्या दारात आले. बसले नाहीत. "सर, ह्या गावातलं हे शेवटचं नाव. ह्याच्या म्होरं न्हाय," एवढंच म्हणाले. थोड्याच दिवसांत माजी सैनिकांचा शांतता मंच निघाला आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे, शाळामास्तराकडे, आलं.

*

मंचाला ऑफिस मिळालं ते सैन्यभरती अकॅडमीच्या बरोबर खाली! आम्ही 'युद्ध नको'चा ठराव मांडायचा आणि वर पोरांनी उड्या सुरू करायच्या. एकदा छताचा चुना थेट बापूंच्या चहात पडला.

बापूंनी कपावर हात धरला. "वरनं मारा चालू हाय. कुणी जागा सोडायची न्हाय!"

*

पहिली शांतता फेरी शहरातल्या बिंदू चौकातून निघाली. बापूंनी सगळ्यांना बजावलं होतं, "कवायत नको. साधं चाला, माणसागत." दहा पावलांत सगळ्यांचे बूट एका तालात वाजायला लागले. सवय!

एका दुकानदारानं धावत येऊन मंचातल्या हवालदार कांबळ्यांच्या गळ्यात हार घातला. "साहेब, ह्या टायमाला सोडू नका त्यास्नी! घुसून मारा!"

कांबळे म्हणाले, "पावणं, हातातला बोर्ड तरी वाचा की."

"बोर्ड कशाला वाचायचा? चाल बघूनच कळतंय!"

*

याच कांबळ्यांना एका चॅनेलनं फोनवर चर्चेला घेतलं. निवेदक ओरडला, "आता आरपारची लढाई हवी की नको?"

"तुमाला पायजे तर तुमी व्हा म्होरं," कांबळे शांतपणे म्हणाले. "माझं गुडघं गेल्यात. मी मागनं येतो."

फोन कट. पण पडद्यावर दिवसभर पट्टी फिरत होती : 'माजी हवालदारही लढायला सज्ज!'

*

गणपतीत एका मंडळानं युद्धाचा देखावा केला. धूर, लाईट, बॉम्बचे आवाज. उद्घाटनाला बापू! त्यांनी शेवटपर्यंत उभं राहून पाहिलं.

"झ्याक झालंय. फक्त त्यो जवान पडलाय न्हवं, त्याची आई कुठं बसवलीया?"

अध्यक्ष विचारात पडला. मग ओशाळून म्हणाला, "बजेट संपलं ओ, बापू."

*

सुहासच्या नावानं मला बऱ्याच शाली मिळाल्या. घरी कुणी मुक्कामाला आलं, की बायको त्याच पांघरायला देते. शालींनंतर सरपंचांनी गावच्या चौकात शहीद स्मारक उभारायला घेतलं. काळा दगड, सोनेरी अक्षरं. शेवटचं नाव सुहासचं. त्याच्याखाली हातभर दगड कोरा.

बापूंनी विचारलं, "खालची जागा का सोडलीया?"

"म्होरं लागंल की!" सरपंच अगदी सरळ मनानं म्हणाले. "दर बारीला नवा दगड कुठला आणायचा?"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे पाहत होतो.

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. बँड होता, अकॅडमीची पोरं ओळीनं उभी होती. सरपंचांनी दोरी ओढली, पडदा सरकला. सुहासच्या नावाखाली पार तळापर्यंत शाळूची कणसं कोरलेली होती. इतकी दाट, की मध्ये एक अक्षर बसणार नाही! पाथरवट गर्दीत मान खाली घालून उभा होता आणि कांबळ्यांच्या बाह्यांवर दगडाची भुकटी होती.

सरपंच माईक हातात असल्याचं विसरले. "काय केलासा ह्ये, बापू? आता फुडची नावं घालायची कुठं?"

बापूंनी टाचा जुळवल्या.

"दिल्लीला कळवा की, सरपंच. आमच्या गावात जागा शिल्लक न्हाय."