चढ किती, ओझं किती

एका सोमवारी मिस्त्रींच्या गॅरेजचं शटर उघडलं नाही. अकरा वाजता आमचा ड्रायव्हर विलास वाचनालयात आला आणि म्हणाला, “बाई, मिस्त्री गेले.” मी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

मिरकरवाड्याकडे जाताना तुमच्यापैकी कुणी त्यांच्या दारात गाडी उभी केली असेल, तर तुम्हालाही त्यांनी तेच विचारलं असेल. तेल बदलायचंय म्हटलं की ते फडक्याला हात पुसत बाहेर येत, गाडीकडे न बघता गाडीवाल्याकडे बघत आणि म्हणत, “चढ किती, ओझं किती?” उत्तर मिळाल्याशिवाय तेलाच्या डब्याला हात लागायचा नाही.

हा प्रश्न डिफरन्शियलच्या तेलासाठी असे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक गोल पोटाचं लोखंडी घर असतं, इंजिनाची ताकद तिथून चाकांना वाटली जाते. एवढं मला त्यांनीच शिकवलं. मी ग्रंथपाल. आमच्या वाचनालयाची फिरती गाडी दर बुधवारी पुस्तकं घेऊन गावोगाव जाते, आणि तिच्या दुखण्याखुपण्यामुळे माझं त्यांच्याकडे जाणंयेणं होतं.

त्यांच्या फळीवर दोन प्रकारचे डबे असत. नव्वद नंबर आणि एकशेचाळीस नंबर. “नव्वद म्हणजे पेज,” ते सांगत, “नि एकशेचाळीस म्हणजे काकवी. चिऱ्याचा ट्रक भर उन्हात खाणीतनं वर येतो, त्याला काकवी. तुमच्या गाडीला पेज बास.”

“पुस्तकंही जड असतात हो, मिस्त्री.”

“चिऱ्यांपुढे पुस्तकं म्हणजे पोहे, बाई.”

मला थोडा राग आला होता. मग हसू आलं.

एकदा मासळीचा एक टेम्पोवाला त्यांच्याकडे आला. होडीतला माल घ्यायला त्याने टेम्पो पार पाण्यात मागे नेला होता, आणि आता मागून घरघर येत होती. मिस्त्रींनी डिफरन्शियलचा खालचा नट सोडला. पाणी शिरलेलं तेल आलं ते दुधाळ, तपकिरी. त्यांनी ते काचेच्या ग्लासात धरलं आणि टेम्पोवाल्यापुढे केलं. “घे. चहा.”

“काय मिस्त्री, सकाळी सकाळी.”

“तूच केलायस. घे ना.”

तो बिचारा ग्लास हातात धरून तसाच उभा. मिस्त्री तोवर गाडीखाली गेलेसुद्धा होते.

दर शनिवारी संध्याकाळी ते पुस्तक बदलायला येत. हात साबणाने घासून आलेले असत, तरी नखांत काळं राहायचंच; म्हणून पुस्तक ते नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत. लेखकाचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. “नव्वद नंबर द्या काहीतरी,” म्हणत. मी पातळसं, गमतीचं काही काढून देई. एकदा मी मुद्दाम सातशे पानांची कादंबरी पुढे केली, तर त्यांनी ती तळहातावर तोलली आणि परत दिली. “ही ट्रकवाल्याला द्या.”

मग आमच्या गाडीला आवाज यायला लागला. चढाला लागली की मागून एक लांबलचक सूर निघायचा. गावातली मुलं लांबूनच ओळखायची, पुस्तकांची गाडी आली. त्यांना मजा वाटायची, पण कार्यकारिणीला नाही. अध्यक्ष म्हणाले, गाडी म्हातारी झाली, विकून टाकू, हल्ली वाचतं कोण. बुधवारी ते स्वतः गाडीतून येऊन बघणार होते.

मी मंगळवारी गॅरेजमध्ये गेले. विलासने मला एक युक्ती सांगितली होती. “मिस्त्री, त्यात एकशेचाळीस घाला. दाट तेलाने आवाज जातो म्हणे.”

“जातो की.”

“मग घाला.”

ते खाली बसले होते, तिथूनच वर बघितलं. “आवाज जाईल, बाई. दुखणं जाईल काय? गाडी सांगत्येय तर तुमी तिच्या तोंडात बोळा घालताव.”

“उद्या अध्यक्षांनी ऐकलं तर गाडीच जाईल.”

“ऐकू दे ना. मी पण येतो.”

मला रात्रभर वाटत राहिलं, माझी गाडी या माणसाच्या हट्टापायी जाणार.

बुधवारी मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले. अध्यक्ष पुढे विलासशेजारी, आम्ही दोघं मागे पुस्तकांच्या मांडणीला टेकून. आरे-वारेचा चढ लागला आणि गाडीने सूर धरला. अध्यक्ष माझ्याकडे वळून काही म्हणणार, तोच मिस्त्री म्हणाले, “गप्प.” आमच्या अध्यक्षांना असं आजवर कुणी म्हटलं नसेल.

“विलास, पाय काढ.” सूर थांबला. “आता दे.” सूर आला. “काढ. दे.” दोनतीनदा असं झालं. अध्यक्ष एका भजनी मंडळात पेटी वाजवतात, हे मिस्त्रींना माहीत होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. अध्यक्षांनी डोळे मिटले होते.

“काळी चार,” ते म्हणाले.

“नाय. बेअरिंग,” मिस्त्री म्हणाले. “ओढताना रडते, सोडली की गप्प. पिनियनचं, आतल्या धाकट्या दातेरी चाकाचं, बेअरिंग गेलंय. तेवढं बदललं की बोलणार नाय.”

उतरेपर्यंत अध्यक्ष तोच सूर गुणगुणत होते. पुढच्या सभेत ते म्हणाले, गाडी म्हातारी नाही, बेसूर झाली आहे; बेअरिंग बदलून घ्या. मिस्त्रींनी बेअरिंग बदललं, नव्वद नंबर भरलं, आणि मला म्हणाले, “बघा, तुमी बोळा घालणार होतात.”

मागच्या थंडीत ते आले तेव्हा आमच्या पायऱ्या चढून दारातल्या सूचनाफलकापाशी थांबले. बराच वेळ वाचत होते. फलकावर नवीन काही नव्हतं. मग टेबलापाशी आले आणि म्हणाले, “या वेळी एकशेचाळीस द्या.”

मला केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांनी माणूस मोठ्या पुस्तकाला तयार झाला. मी तीच सातशे पानांची कादंबरी काढून दिली. “सावकाश वाचा, घाई नाही,” म्हटलं.

“होय. बसूनच तर हाय हल्ली,” ते म्हणाले. त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि एकेक पायरी उतरत गेले. शनिवारी येतील म्हणून मी वाट बघितली, त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग तो सोमवार आला.

सूचनाफलकापाशी ते वाचत नव्हते, दम खात होते, हे मला नंतर कळलं. सहा पायऱ्यांचा चढ. त्यांना मी फक्त पुस्तक दिलं. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला नाही.

आता कुणी नेहमीपेक्षा वेगळं पुस्तक मागितलं की मी आधी खुर्ची पुढे करते. बसा म्हणते, काय चाललंय विचारते. लोक सांगतात. कधी कधी पुस्तक न्यायचंच विसरतात.

गाडी चालू आहे. तिच्यात नव्वद नंबर आहे. बुधवारी आरे-वारेचा चढ लागला की विलास गाणी बंद करतो, आणि माथ्यावर पोचेपर्यंत मागून काही सूर येतो का, ते आम्ही दोघं ऐकतो.