पेन्सिलीचे ढग

ओमानमधल्या दुक्महून मस्कतला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर दोन मराठी बायबलं उघडी होती. एक त्याच्या आईचं, पानं सुटत आलेलं. दुसरं नवं, सुधारलेलं. दोन्हींवर एकेक बोट ठेवून तो ओळी ताडून बघायचा आणि नव्या पुस्तकात मधूनच पेन्सिलीने ढग काढायचा.

ते ढग मी लगेच ओळखले. रिफायनरीच्या कामावर सुधारलेलं ड्रॉइंग येतं, तेव्हा बदललेल्या जागेभोवती असाच ढग असतो. हा माणूस पाइपफिटर होता, वसईचा.

"जुन्यात जिथे यहोवा होतं, तिथे नव्यात परमेश्वर छापलंय," तो म्हणाला. "आईला आता दिसत नाय. जुन्याची पानं गळतात, म्हणून सुट्टीत मीच नव्यातून वाचून दाखवणार. ढग दिसला की यहोवा म्हणायचं, नायतर म्हातारी जेवायची नाय!" आणि तो इतका खदखदून हसला की पुढचे दोघे वळून बघायला लागले.

मी रत्नागिरीचा मुसलमान. आमच्यात देवाची नव्व्याण्णव नावं. तरी विचारलंच, "मग खरं नाव कुठलं, भाऊ?"

"आई मला एका नावाने बोलावते, फोरमन दुसऱ्याच. मी दोघांनाही ओ देतो. मग तो नाय देणार?"

मस्कतमध्ये शिरल्यावर बौशरच्या थांब्यावर तो उतरला. पेन्सिल सीटवरच राहिली. त्याचं नाव काही मी विचारलं नव्हतं. खिडकीतून ओरडलो, "अहो ढगवाले!"

तो जागीच वळला आणि हात उंचावून म्हणाला, "ओ!"