आवाज उतरवून ठेवलेली बाई

सेलूच्या वाचनालयात सुलोचनाबाई गोष्ट सांगायच्या, तेव्हा समोरचा पानठेलेवाला चुना लावायचा विसरायचा. बाई वाघ झाल्या की कपाटाच्या काचा थरथरत. नोकरी शिपायाची, पण शनिवारची दुपार त्यांची आणि पोरांची.

सत्त्याण्णव साली मजुरी करणारी सखू आपल्या पाच वर्षांच्या कुंदनला घेऊन आली. पोरगी चारच शब्द बोलायची. माय, पानी, भाकर, नको. बाईंनी डरकाळी फोडली अन् कुंदन कान दाबून किंचाळत सुटली, भिंतीवर डोकं आपटू लागली.

"लागीर झालं हिले," बाई म्हणाल्या.

लागिराला आवाज सोसत नाही, हे त्यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यांनी पोरीला मांडीत दाबलं आणि वाचनालय बंद करायची पितळी घंटा तिच्या कानाशी बडवली. सखूनं लेकीचे पाय धरून ठेवले. पोरगी गप्प झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, उतरलं.

त्या दिवसापासून ते चार शब्दही गेले. वर्षभरात सखू लेकीला घेऊन गिरडकडे माहेरी निघून गेली.

दोन हजार चार साली सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी दिपाली अशाच लेकरांसाठी खोली मागायला आली. म्हणाली, "बाई, काही लेकरांले साधा पंखाबी कानात खिळा ठोकल्यासारखा लागते. ते भूत नसते, लेकरू जन्मापासूनच तसं असते."

बाई होत्या तिथंच खाली बसल्या.

मग शनिवारी वेगळा तास सुरू झाला. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, खाली पोती, चारच लेकरं, आणि बाईंचा आवाज कुजबुजीएवढा. कोणी मधेच उठून कोपऱ्यात गोल फिरलं, तरी फिरू द्यायचं.

वाचनालयाचे सचिव पुंडलिकराव दारातून म्हणाले, "बाई, गोष्ट सांगून राह्यल्या का मयतीले बसल्या?"

"मयतीलेच बसली समजा."

लेकरं शांत झाली की बाईंना पाचवा श्वास ऐकू यायचा. त्या डोकी मोजायच्या. चार. पुन्हा मोजायच्या.

कुंदनला एकदा तरी नीट गोष्ट सांगितल्याशिवाय हा श्वास सोडणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या चित्रांचं पुस्तक घेऊन सखूच्या माहेरी पोचल्या.

"आता काऊन आल्या?" सखूनं विचारलं.

"कुंदनले तासाले आणत जाय. पंखाबी लावत नाई आम्ही."

"यष्टीचा हॉर्न वाजला तं दोन दिवस जेवत नाई ते."

"मंग मी इथंच सांगतो."

"तुमी बोलू नका, बाई." सखूचा आवाज खाली गेला. "तुमचा आवाज याद आहे तिले. झोपेत कान दाबते अजून. मीबी पाय धरले होते तिचे... मले तरी कुठं जवळ येऊ देते?"

तेरा वर्षांची कुंदन गोठ्याच्या सावलीत पाठमोरी बसली होती. बाई दोन हात अंतरावर बसल्या, पुस्तक जमिनीवर उघडलं, ओठ मिटले. एक पान. थांबल्या. दुसरं पान. वाघाचं चित्र आलं, ते त्यांनी भरकन पलटलं.

कुंदननं एकदाही वळून पाहिलं नाही. पण पान पलटायला उशीर झाला, की तिची मान किंचित तिरपी व्हायची.

पुस्तक संपलं. बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पहिलं पान काढलं.