पट्टीची बाजू

भडगावच्या रुपचंदने तीस वर्षं केळीच्या बागांत एकच काम केलं. कापणीच्या आदल्या दिवशी बागेत शिरायचं, तयार घड नजरेने हेरायचा आणि त्यावर चुन्याची पट्टी ओढायची. पट्टी असलेला घड खरा, बाकीचे राहू द्यायचे. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. दोन बागांत त्याने कच्च्याच घडांवर पट्टी ओढली आणि व्यापाऱ्याने बोलावणं बंद केलं. ऑपरेशन होऊन नजर साफ झाली, पण गेलेला भरवसा काही परत आला नाही. लोकांचा तर नाहीच, त्याचा स्वतःचाही नाही.

म्हणून बायको सुंदरबाईने थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवायचा घाट घातला. नात्यागोत्यात फिरून तिने गावरान कोंबड्यांची चाळीस अंडी जमवली. पेटीत एक बल्ब, एक छोटा पंखा आणि बल्ब चालू-बंद करणारं एक यंत्र. पंखा आणि यंत्र बारा व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालायचं. सोळाव्या दिवशी सकाळी तो ॲडॉप्टर जळला.

नेमकं धुलिवंदन. बाजारपेठ कडेकोट बंद. सुंदरबाई पेटीपाशी बसून थर्मामीटर बघत बल्बचं बटण हातानेच दाबू लागली. रुपचंदने धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या भाच्याला, किरणला, फोन लावला. किरण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. दिवाळीत तो डाख द्यायची कावी, व्होल्टेज मोजायचं मीटर आणि सुटे भाग असलेला सामानाचा एक डबा इथेच विसरून गेला होता.

"मामा, डब्यात ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला चार डायोड, मग कपॅसिटर, मग तीन पायांचा रेग्युलेटर. मी सांगतो तसं जोडा. आणि प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही!"

रुपचंदने जन्मात कधी साधा फ्यूज बदलला नव्हता. फोन स्पीकरवर टाकून तो एकेका जोडाला डाख देऊ लागला. कथील तारेपेक्षा फरशीवरच जास्त सांडलं. आपल्या हातून हेही नासणार, ही धास्ती त्याच्या छातीवर बसली होती. तेवढ्यात फोनची रेंज गेली.

उरला होता कपॅसिटर. काळी डबी, दोन पाय, एका बाजूला पांढरी पट्टी. रुपचंदला इथे विचारच करावा लागला नाही. पट्टी आहे तीच खरी बाजू, म्हणजे प्लस. त्याने जोडलं, प्लग लावला आणि लांब सरकला.

फाट्!

घरभर घाणेरडा धूर झाला. "काय फुटनं?" म्हणत सुंदरबाई धावत आली. त्याचे हात, तोंड, डोळे चाचपून पाहिले. त्याला काही झालं नव्हतं. मग तिने कपाळावर हात मारला, कारण पेटीतला बल्ब चालूच राहिला होता. थर्मामीटर अडतीसवरून बेचाळीसवर गेलं होतं.

बल्ब बंद करून तिने झाकण उघडलं. फोन परत लागला तेव्हा किरण ओरडलाच, "मामा, पट्टी मायनसची असते!"

डब्यात दुसरा एकच कपॅसिटर होता. रुपचंदने प्लग काढला, पट्टीची बाजू तीनदा बघितली, किरणकडून चारदा वदवून घेतली, मग जोडलं. मीटरवर बारा आले. पेटीतला पंखा फिरू लागला. पण त्याला आनंद होईना. चाळीस जीव आपण उकडून मारले असतील, हेच डोक्यात घोळत होतं.

सुंदरबाईने मोबाइलचा टॉर्च लावला आणि एक अंडं पुढे केलं.

"तू देख. मना डोयास्ना भरोसा नही," तो म्हणाला.

"मी कसाले देखू? जोडं तुम्ही, तुम्हीच देखा."

त्याने अंडं उजेडावर धरलं. आत नुसता काळोख. अंडं जरा फिरवलं, श्वास रोखून बघत राहिला. वरच्या पोकळ जागेपाशी काहीतरी सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं.

"हाली राह्यनं," तो म्हणाला. "जित्तं शे वं!" आणि ते अंडं हातात तसंच धरून हा बावन्न वर्षांचा गडी हमसून हमसून रडू लागला.

सुंदरबाईने अंडं काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"रडा नंतर," ती म्हणाली. "एकोणचाळीस बाकी शेतस."