कुलूपबंद ऑफिसातनं बोलणारी बाई

ती गोष्ट आठवली की अजून मी आधी दचकते, आणि मागोमाग हसू पण येतं. आता मी खात्यात नाय, दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली. पण तेव्हा रत्नागिरीत महिला शिपाई होते, नवीनच, शिकलेली जेमतेम, तान्हं पोर सासूकडे टाकून ड्युटीला यायची. शिमग्याचे दिवस. निम्मं ठाणं पालख्यांच्या बंदोबस्ताला गेलेलं.

एक आंब्याचे व्यापारी घामाघूम होऊन आले. "साहेब, माझ्या क्लार्क बाईंना कोणीतरी कोंडलंन!"

झालं असं, ऑफिसासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं सेठना कळवलं, की सकाळपासून तुमच्या ऑफिसाला बाहेरनं कुलूप आहे. सेठनी ऑफिसच्या नंबरावर फोन लावला, तर बाईनं उचलला न् म्हणाली, "मी ऑफिसातच आहे सेठ." बाहेर कुलूप, आत बाई! साहेब ताडकन उठले.

चावी बाईकडेच असायची, म्हणून दोन पंच घेतले, कुलूप तोडलं. कायतरी भलतंच बघायला लागेल म्हणून मी डोळे अर्धे मिटूनच आत गेले. आत कोण नाय. टेबल, खुर्ची, फोन, बस. साहेब म्हणाले, "परत लावा, स्पीकरवर." सेठनी मोबाईलवरनं लावला. टेबलावरचा फोन मुका तो मुकाच, आणि मोबाईलात बाई बोलतेय, "नमस्कार, बोला!" एक पंच थेट रस्त्यावर गेला.

साहेबांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "बाईमाणसाशी तू बोल. हळू विचार."

कसंबसं म्हटलं, "ताई, मी पोलीस बोलतेय. तू बरी आहेस ना?"

"पोलीस? अगो बाय! कशाला हो?"

"आजूबाजूला कोण आहे काय तुझ्या?"

"खूप माणसं आहेत."

"खूप म्हणजे किती?"

"पन्नास-साठ असतील. अंगणात पण उभी आहेत."

पन्नास जणांची टोळी, न् आम्ही इथं चार माणसं! तेवढ्यात पलीकडे धडाधड ढोल वाजला, थांबला, आणि एक म्हातारा खणखणीत ओरडला, "बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या सुनेला रजा मिळाली नाय, म्हणून तिच्या घोवानं मोबाईलात ऑफिसचा फोन आणून दिलान. तो तिच्या सेठला कळू देऊ नको, तिची नोकरी राख रे म्हाराजा!"

आणि सगळी माणसं एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

आमचे हवालदार कपाळावर हात मारून म्हणाले, "हिला कोणी कोंडली नाय, हिच्या घरी देवाची पालखी आलीय! देवाला गाऱ्हाणं घालतायत!"

सेठ लालबुंद. "आज काढूनच टाकतो!" म्हणत आमच्याच जीपमध्ये बसले.

गावात पोचलो तर पालखी तिच्या पडवीत, बाई बाळाला छातीशी धरून उभी. नवरा मुंबईत कम्प्युटरच्या दुकानात, शिमग्याला आलेला. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर घडाघडा बोलला. ऑफिसातलं नवीन फोनचं मशीन इंटरनेटवर चालणारं. त्यानं बायकोसाठी मोठ्या स्क्रीनचा फोन आणला, त्यात एक प्रोग्रॅम टाकला, ऑफिसचा एक्स्टेंशन नंबर न् पासवर्ड भरला, घरचं ब्रॉडबँड जोडलं. झालं, ऑफिसचा फोन पडवीत वाजायला लागला.

बाई रडत म्हणाली, "सेठ, एकपण फोन चुकवला नाय. बाळाला पहिल्यांदा पालखीच्या पाया घालायचं होतं हो. तुम्ही परवा म्हणालात, रजा हवी तर परत येऊच नका."

सेठ तोंड उघडणार, तर तो गाऱ्हाणेवाला म्हातारा पुढे. "सेठ, देवापुढं चपला?" सेठनी मुकाट चपला काढल्या, हात जोडले. म्हाताऱ्यानं लगेच आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! हे सेठ रागानं आलेत, त्यांचा राग घालव, सुनेची नोकरी अशीच चालू ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सेठचा! लहानपणापासनची सवय, तोंडातनं गेलंच. अंगणभर हसू फुटलं, साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. देवापुढं बोललेलं परत कसं घेणार? सेठ बाळाकडे बघत पुटपुटले, "उद्या मात्र वेळेवर या."

ठाण्यात येऊन साहेबांनी तक्रार नाही अशी नोंद करून घेतली. नंतर कितीतरी बायांचे जबाब मी घेतले. खोटं बोलतेय असं वाटलं, की दरडावायच्या आधी एक विचारायची, "घरी कोण वाट बघतंय गो तुझी?" निम्म्या बाया तिथंच खरं बोलायला लागायच्या.