पाणबुड्यासाठी जागा

त्यांचं खरं आडनाव काय, हे बाजारात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचं काचा कापून देण्याचं दुकान होतं. काच कापायचा हिरा एकदा टेकवला की तो मधे उचलायचा नाही, एकाच रेघेत तावदान मोकळं करायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणून कुणीतरी त्यांना गमतीने 'एकरेघे' म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे टपालही त्याच नावाने यायला लागलं. बायको रागावली की तीसुद्धा म्हणायची, "ऐका हो एकरेघे, जरा घरातल्या रेघेतही चाला!"

अशा माणसाच्या उजव्या हाताला खोलवर कापलं. चूक कुणाचीच नव्हती. आरशाची मोठी काच टेबलावरून उभी करताना आधीपासूनच असलेल्या बारीक तड्याशी ती फुटली आणि एक तुकडा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. इस्पितळात डॉक्टरांनी तुटलेल्या शिरा जोडल्या. हात पट्टीत बांधून ठेवला आणि बजावलं, "शिवण माझी झाली, पुढचं काम तुमचं. अंगठा वाकवत राहिलात तरच तो वाकेल."

व्यायाम शिकवणारं केंद्र लेकीच्या घराजवळ होतं, म्हणून नवराबायको तिच्याकडे राहायला आले. घर दोन खोल्यांचं. लेक आणि जावयाने आतली खोली या दोघांना दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकू लागले. एकरेघ्यांना हे फार टोचायचं. सकाळी उठून बाहेर यावं तर जावई घाईघाईने गादी गुंडाळताना दिसायचा आणि दोघंही एकमेकांची नजर चुकवायचे.

जावई औषधांच्या गोदामात मांडणीचं काम बघायचा. मितभाषी म्हणावं तर तेवढंही बोलत नसे. "बाबा, चहा घेतलात?" आणि "बाबा, हात कसा आहे?" या दोन वाक्यांपलीकडे लग्नानंतर इतक्या काळात त्यांचं संभाषण गेलं नव्हतं. एकरेघेही "हो" आणि "बरा आहे" म्हणून मोकळे व्हायचे.

हात मात्र बरा नव्हता. पट्टी निघाली तेव्हा अंगठा लाकडाच्या खुंटीसारखा ताठ होता. केंद्रातल्या बाईंनी रबराचा चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे उघडायला सांगितले. दोनचार दिवस त्यांनी मन लावून केलं. अंगठा ढिम्म. मग चेंडू खिडकीत पडून राहिला आणि चिमटे पुन्हा दोरीवर गेले.

"बाबा, आज चेंडू दाबला का?" लेक कामावरून आल्या आल्या विचारायची.

"दाबला की."

"खोटं! त्याच्यावर धूळ बसली आहे," आतून बायको सांगायची.

एकदा लेकीला रडूच फुटलं. "तुम्हाला दुकानात परत जायचं नाही का?" तिने विचारलं. जायचं होतं, पण जाऊन करायचं काय, या प्रश्नाशी येऊन त्यांचं डोकं रोज अडकत होतं. ग्राहकाला माप विचारायचं आणि काच दुसऱ्याने कापायची? त्यापेक्षा कुलूप बरं, असं ते मनाशी म्हणत.

जावयाच्या सुट्टीचा दिवस होता. लेक कामावर गेली होती, बायको शेजारी. जावयाने टीव्हीला जोडलेला गेमचा कन्सोल लावला. सासरे घरात असल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांना झोप लागली आहे असं त्याला वाटलं असावं. एकरेघे दारात वर्तमानपत्र धरून उभे राहिले. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतंच. ते बघत होते जावयाचे अंगठे. दोन्ही अंगठे वाकत होते, सरकत होते, टिचकी मारत होते आणि त्या भल्या माणसाला त्याचं भानही नव्हतं.

खेळ संपवून जावई खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर गेला. नवे खेळ, स्वस्त खेळ, जुने खेळ अशी चित्रं सरकू लागली. त्यात निळ्या पाण्यात एक ठोकळ्याठोकळ्यांचा माणूस दिसला, डोक्यावर गोल टोप.

"थांबा, थांबा! मागे घ्या!" एकरेघे ओरडले.

जावई दचकून उभाच राहिला. "काय झालं बाबा? हात दुखतोय?"

"हाताचं राहू द्या. तो पाणबुड्या! तो इथे कसा आला?"

मग एकरेघे बसले आणि बोलायला लागले. काचेचं काम शिकायला लागले तेव्हा दुकानासमोरच्या उपाहारगृहात एक यंत्र होतं. त्यात हा पाणबुड्या मोती गोळा करायचा आणि खेकड्यांपासून पळायचा. जेवणाच्या सुट्टीत एकरेघे जेवायचं सोडून तिथे उभे असत. त्यांचा डाव इतका लांबायचा, की वेटर ताटं हातात घेऊन बघत उभे राहत आणि मालक गल्ल्यावरून ओरडत. "एकदा तर," ते हसत म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना पहिल्यांदा भेटायला जायचं होतं आणि मी खेकड्यांत अडकलो. ती अजून काढते ते!"

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. सासऱ्यांना हसताना त्याने पहिल्यांदा पाहिलं होतं.

"खेळायचाय?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बटण दाबलं. पडद्यावर ठसठशीत सूचना आली, की जागा अपुरी आहे.

"एवढ्याशा पाणबुड्याला जागा नाही?" एकरेघ्यांना पटेना. "त्या यंत्रात तर तो एकटाच होता. आणि किती जुना!"

जावई पहिल्यांदाच भरभरून बोलला. विषय त्याच्या रोजच्या कामाचा होता ना! "पाणबुड्या एवढासाच आहे बाबा. तुमच्या फोनमधला एक फोटो त्याच्यापेक्षा मोठा निघेल. पण तो सुटा विकत नाहीत. जुन्या खेळांचा अख्खा गठ्ठा घ्यावा लागतो, त्यात जुनी चित्रं, संगीत, माहिती सगळं भरलेलं. शिवाय माल नुसता मांडणीत ठेवून भागत नाही, आधी गाडीतून उतरवायलाही अंगण लागतं. इथे तसंच आहे. उतरवायला जागा हवी, उघडून लावायला जागा हवी. आणि माझी मांडणी गच्च भरली आहे."

"कशाने?"

"याने." त्याने किल्ल्याच्या एका खेळाचं चित्र दाखवलं. "हा एकटाच अर्धी जागा खातो. नव्या खेळांत गवताची काडीन् काडी वेगळी असते, म्हणून."

"बराच खेळलेला दिसताय."

"लग्नाच्या आधीपासून खेळतोय. शेवटच्या पुलाशी पोचलोय." जावयाने बोट बटणावर नेलं. "काढतो याला."

"अजिबात नाही!" एकरेघे ताडकन उठले. "तुमची खोली घेतली, गादी घेतली. आता तुमचा किल्लाही घेऊ? माणसाने किती जागा अडवायची दुसऱ्याची?"

आवाज चढला होता. खोलीचं इतके दिवस मनात साठलेलं असं भलत्याच ठिकाणी बाहेर पडलं. जावयाने मान खाली घातली आणि बटण दाबलं. किल्ला गेला.

एकरेघे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. बायको आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "त्याने मनापासून काहीतरी दिलं आणि तुम्ही भिंतीला तोंड दाखवताय! घ्यायलाही शिका की जरा. देणाऱ्याला किती अवघड करून ठेवता तुम्ही!"

बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली. "बाबा, एक दाखवायचं होतं," जावई म्हणाला. एकरेघे बाहेर आले, तर पडद्यावर त्याने दुसरंच पान उघडलं होतं. तिथे किल्ल्याचं छोटंसं चित्र अजून होतं. "खेळ काढला तरी डाव राहतो. तो वेगळ्या कप्प्यात असतो, त्याला जागाही नखाएवढी लागते. विकत घेतलेला खेळ कधीही परत उतरवता येतो. मी पुन्हा पुलाशीच उभा असेन." मग खाली बघत तो म्हणाला, "आणि खोलीचं... तुम्ही आल्यापासून ही घरी लवकर येते. मलाही बरं वाटतं. मला बोलता येत नाही एवढंच."

एकरेघे त्याच्या शेजारी बसले. "पाणबुड्या उतरला का पाण्यात?" त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवशी पाणबुड्या दर वेळी पहिल्याच खेकड्याला धडकला. अंगठा बटणापर्यंत पोचेपर्यंत खेकड्याचं जेवण उरकलेलं असे. एकरेघे हळूच डावा हात उजव्या बाजूच्या बटणाकडे न्यायला लागले, की जावई म्हणायचा, "बाबा, लबाडी!" तेही चिडून म्हणायचे, "खेकडा तुमच्या नात्यातला आहे का?" पण चेंडू दाबताना मोजावे लागणारे आकडे इथे कुणी मोजत नव्हतं. दुपार कधी सरली ते कळत नसे.

व्यायामाच्या बाईंनी एकदा त्यांचा अंगठा हातात घेऊन हलवून पाहिला आणि भुवया उंचावल्या. "चेंडू पुन्हा सुरू केलात वाटतं?"

एकरेघे ओशाळले. शेवटी सोबत आलेल्या लेकीनेच पाणबुड्याचं बिंग फोडलं. बाई मनसोक्त हसल्या. "खेळा, पण मधे मधे हात सोडा. सूज आली तर थांबायचं. आणि चिमटेही करा. नुसत्या मोत्यांवर शिरा सैल होत नाहीत." त्यांनी तेही मानलं. चिमटे दोरीवरून उतरले. संध्याकाळी लेक आली की दारातूनच तिला दोघांचा आरडाओरडा ऐकू यायचा. "इथे कोण सासरा आणि कोण जावई, तेवढं सांगा," ती म्हणायची.

अंगठा पूर्ण वाकला नाहीच. शेवटचं पेर थोडं ताठ राहिलं. पण हिरा धरण्यापुरता तो आला. निरोप घेऊन नवराबायको आपल्या घरी गेले आणि एकरेघ्यांनी दुकानाचं कुलूप काढलं. टाकाऊ काचेवर त्यांनी बराच सराव केला. पकड बदलावी लागली. हिरा आता दोन बोटांच्या मधे बसू लागला आणि अंगठा त्याला नुसता टेकू द्यायला लागला. पहिली काच वाकडी गेली, दुसरी तडकली. त्यांनी तुकडे झाडून पेटीत टाकले आणि नवी काच घेतली. महिना सरता सरता खिडक्यांची तावदानं ते स्वतः कापायला लागले. गोल आरसे मात्र अजून दुसरीकडे पाठवत. "तेही येतील," असं ग्राहकांना सांगत आणि सांगताना त्यांना ते खरंच वाटत असे.

पुढच्या सुट्टीला जावई दुकानात आला. एकटाच. लग्नापासून तो तिथे कधी आला नव्हता. तो थोडा वेळ टेबलाशी उभा राहिला, काचेवरून बोट फिरवायला गेला आणि एकरेघ्यांनी त्याचा हात मागे ओढला.

"धार असते. काय हवंय? आरसा?"

"नाही." जावई घुटमळला. "मला एकदा कापून बघायची होती."

एकरेघ्यांनी त्याला हातमोजे दिले, चष्मा दिला. टाकाऊ काचेतला एक तुकडा पुढे सरकवला, कापायचं तिथे तेल लावलं आणि हिरा त्याच्या बोटांत नीट बसवून दिला. "दाबायचं नाही. नुसतं न्यायचं. कान उघडे ठेवा, बरोबर चाललं की काच कुरकुरते."

जावयाने श्वास रोखून हिरा ओढला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ गेली आणि मग कोपऱ्याकडे पळाली. तो अपराध्यासारखा बघायला लागला. एकरेघ्यांनी तुकडा उचलून उजेडात धरला.

"सुरुवात चांगली आहे," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.